पातं खाली, पातं वर

मी वारल्याची बातमी मला माझ्या भाच्याने फोनवर दिली.

"मावशी, बसलीयेस ना?" त्याने आधी विचारलं. असं विचारलं की माणूस बसलेला असला तरी उठून उभा राहतो, हे त्याला कोणी सांगायचं? मी उभीच होते, गॅसवर दूध होतं. म्हटलं, बोल लवकर.

"तुझ्या विद्यापीठाच्या रोइंगवाल्यांनी मुलींसाठी नवी होडी घेतलीय. आठ जणींची. तिला तुझं नाव देतायत. फोटोसकट टाकलंय त्यांनी."

"माझं नाव?"

"हो. फक्त नावाच्या आधी 'दिवंगत' लिहिलंय."

दूध उतू गेलं. तो पलीकडे खो खो हसत होता, मीही हसले. फोन ठेवून शेगडी पुसायला घेतली आणि मग हळूहळू राग यायला लागला. चूक कोणाचीही होते, त्याचा नाही. पण ती बातमी वाचून एकाने तरी म्हणायला हवं होतं, अहो काहीतरीच काय, परवा तर बाजारात दिसल्या होत्या. असं म्हणणारं एकही माणूस निघालं नव्हतं. मी मेलेय हे सगळ्यांना पटलं होतं.

आता माझी ओळख करून द्यायची तर ती चटकन संपते. मी जन्मभर एका इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढले. "श्वास घ्या. रोखून धरा. सोडा." दिवसभरात माझं बोलणं एवढंच. लोक यायचे, त्या गार पत्र्याला छाती टेकवायचे आणि जायचे. लग्न केलं नाही. बहीण होती, ती गेली. तिचा मुलगा दुसऱ्या शहरात असतो, रविवारी फोन करतो. घरात पुढच्या खोलीत वल्हवायचं यंत्र आहे. त्यावर मी अजून रोज सकाळी बसते. खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा वर येऊन विचारून गेल्या, "तुम्ही रोज पहाटे कपाट सरकवता का हो?" मी हो म्हटलं. वल्हवते म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी डॉक्टरच बोलावला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि तडक बोटक्लब गाठला.

कॉलेज सोडल्यापासून मी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. पत्र्याची शेड तीच, नदीकडे उतरणारा लाकडी धक्का तोच, फक्त फळ्या नव्या. ओल्या लाकडाचा आणि वंगणाचा वासही तोच. दारात ओले मोजे पिळत एक तरुण बाई उभी होती. गळ्यात शिट्टी, म्हणजे कोच.

"कोण हवंय आपल्याला?"

"मी ती दिवंगत," मी म्हटलं आणि नाव सांगितलं.

तिच्या हातातला मोजा खाली पडला. बिचारी आधी हसली, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबली. "पण मॅडम, तुमची वल्ही..." असं म्हणून ती मला आत घेऊन गेली आणि मला सगळं कळलं.

आमच्या क्लबची एक रीत आहे. जो चार वर्षं टिकतो तो शेवटच्या दिवशी आपलं वल्हं भिंतीवर उभं टांगून जातो. पातं खाली असेल तर माणूस आहे. माणूस गेला की त्याच्या होडीतले जुने सोबती येतात, वल्हं उतरवतात आणि उलटं टांगतात, पातं वर. वल्ही उभी उचलून धरणं ही आमची सलामी, म्हणून ती तशी. बाहेरच्याला ती नुसती लाकडं दिसतात. आतल्याला भिंतीकडे एक नजर टाकली की समजतं, कोण आहे आणि कोण नाही. होडीला नाव द्यायचं तर तेही पातं वर गेलेल्याचंच. जिवंत माणसाच्या नावाच्या होडीत आमच्यात कोणी बसत नाही. तो त्या माणसाला अपशकुन, आणि होडीलाही.

माझी दोन आखूड वल्ही कोपऱ्यात होती. दोन्ही पाती वर.

ती मी स्वतः टांगली होती, समोरच्या भिंतीवर, पाती खाली. शिडी धरायला कोणी नव्हतं म्हणून शिडीचा पाय दोरीने खांबाला बांधला होता, तेही मला आठवत होतं. आता ती या भिंतीवर कशी? मी जवळ गेले. वल्ह्यांच्या खाली एक खिडकी होती. आमच्या वेळी ही खिडकी नव्हती.

"ही कधी केलीत?"

"मी यायच्या आधी," कोच म्हणाली. "शेडला रंग दिला तेव्हा. सगळी वल्ही उतरवून परत लावली होती म्हणे."

मी खिडकीचं दार उघडून पाहिलं. दार बारीक दांड्यांच्या मधून उघडत होतं; रुंद पाती खाली असती तर त्यांना अडलं असतं. झालं. रंगाऱ्याला खिडकी उघडायची होती, त्याने माझी वल्ही उलटी केली, आणि मी मेले. बाकी सगळ्यांची वल्ही लांब, ती मोठ्या भिंतीवर जशीच्या तशी गेली. आखूड वल्ही क्लबात माझी एकटीचीच, ती उरली खिडकीच्या वाट्याला.

"आम्ही दरवर्षी तुमच्यासाठी उभं राहतो," ती रडवेली होऊन म्हणाली. "वार्षिक दिवशी. पातं वर असलेल्या सगळ्यांसाठी एक मिनिट शांत. तुमचंही नाव घेतो."

"आणि कोणाला विचारावंसं नाही वाटलं?"

"कोणाला विचारणार, मॅडम? बाकीच्यांचं त्यांच्या होडीतले लोक कळवतात. तुमच्या होडीत..."

वाक्य पुरं करायची गरज नव्हती. माझ्या होडीत मी एकटीच होते.

त्याची गोष्ट अशी. हा क्लब भूगोलाच्या एका सरांनी काढला. मासेमाराची टाकून दिलेली होडी, चार मुलं आणि सायकलवरून काठाने ओरडत जाणारे सर. मी गेले तेव्हा मुलांच्या दोन चांगल्या होड्या झाल्या होत्या, मुलगी एकही नव्हती. सर वाईट नव्हते. ते म्हणाले, "एका मुलीला होडी कशी देऊ? चार जणी आण, चौघींची होडी काढून देतो." तोवर वापर म्हणून अडगळीतली एकट्याने वल्हवायची होडी दिली. अरुंद, शेंगेसारखी. जरा मान हलली की उलटायची. पहिला महिना मी नदीच्या वर कमी आणि पाण्यात जास्त होते. मुलांनी माझं नाव पाणकावळी ठेवलं.

सराव मुलांचा तोच माझा. धावणं, पाण्यावर बसण्याआधी तासभर जमिनीवर बसून नुसतं पुढे-मागे सरकणं, पाठ ताठ, आधी पाय मग पाठ मग हात. जोडीदाराला पाठीवर घेऊन घाटाच्या पायऱ्या चढायच्या असायच्या. मला जोडीदार नव्हता, सरांनी वाळूचं पोतं दिलं. मुलं धापा टाकत एकमेकांना शिव्या देत चढायची. पोत्याला काय शिव्या देणार? मी मुकाट चढायचे. सर काठाने जाताना मुलांना नाव घेऊन घेऊन ओरडायचे. वेळ उरला तर माझ्याकडे बघून "पाठ!" असं म्हणायचे. तेवढ्या एका शब्दावर माझा दिवस जायचा.

आणि मी मुली शोधायचे. वसतिगृहात, वाचनालयात, बसच्या रांगेत. एक उंच मुलगी दिसली की मी तिच्या मागे लागायचे. हातांना फोड आले की पळायच्या. एका वर्षी मात्र जमलं. आम्ही चौघी झालो. सरांनी शब्द पाळला, चौघींची होडी धक्क्यावर आणून ठेवली. आम्ही तिघी वल्ही घेऊन उभ्या. चौथी, रसायनशास्त्र शिकणारी, आलीच नाही. आईने नको म्हटलं, एवढंच मागाहून कळलं. सरांनी बराच वेळ वाट पाहिली. मग मुलांना होडी हवी होती, ती उचलून नेली. त्या दोघीही दुसऱ्या आठवड्यात येईनाशा झाल्या. चौथी नाही म्हटल्यावर त्यांनी तरी कशाला यावं?

मला जन्मात फार काही हवं होतं असं नाही. पण एकदा, एकदाच, दुसऱ्या माणसांबरोबर एका होडीत वल्हवायचं राहून गेलं. हे मी भाच्यालाही कधी बोलले नाही. बोलून काय, त्याने मला सहलीच्या पायडलबोटीत बसवलं असतं.

तेवढ्यात सरावाला पोरी आल्या. कलकलाट करत, एकीच्या पिशवीत दुसरीचा हात. कोचने त्यांना माझी ओळख करून दिली. एक तर चक्क दोन पावलं मागे सरकली. नवी होडी मधल्या घोडीवर पालथी होती आणि तिच्या अंगावर माझं पूर्ण नाव, सुबक अक्षरांत. त्या नावाने मला क्लबात कधी कोणी हाक मारली नव्हती.

"आता शर्यतीचं काय?" उंच मुलगी म्हणाली. "मॅडम जिवंत आहेत. आपण यात बसायचं नाही."

"मी मरायची वाट बघावी लागेल, आणखी काय," मी म्हटलं. कोणी हसलं नाही. एकटी सुकाणूवाली फिस्सकन हसली. ती चिमुरडी होती, माझ्या खांद्याएवढीसुद्धा नाही. आठ जणी वल्हवतात आणि ही शेवटाला त्यांच्याकडे तोंड करून बसते, सुकाणू धरते, हुकूम सोडते. तिने पिशवीतून चिकटपट्टीचं बंडल काढलं, फर्रकन ओढलं आणि माझं नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकून टाकलं.

"झालं," ती म्हणाली. "तोपर्यंत बिननावाची."

सगळ्यांना ते पटलं. मलाही. मग कोचने डोकी मोजली आणि कपाळाला हात लावला. तिसऱ्या जागेची मुलगी तापाने आली नव्हती. सात जणींनी होडी धड चालत नाही. शर्यत तोंडावर, आणि सरावाची सकाळ वाया.

मला माहीत होतं मी काय बोलणार आहे, आणि ते किती हास्यास्पद दिसणार आहे. कोणीतरी मला अडवायला हवं होतं. कोणी अडवलं नाही, म्हणून मी बोलले.

"मी बसते."

कोचने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले. यंत्राच्या दांड्याने पडलेले घट्टे ती ओळखणार हे मला ठाऊक होतं. तिने अंगठ्याने ते दाबून पाहिले. "हळू न्यायची," ती सुकाणूवालीला म्हणाली, "फक्त वळणापर्यंत."

आम्ही होडी उचलली, पाण्यात सोडली, मी पायपट्टे आवळले. माझ्या पुढे पाच पाठी होत्या. पाठी! मी जन्मभर वल्हवताना काय पाहिलं? मागे पडत जाणारं पाणी. इथे माझ्यासमोर एक वेणी होती, एक घामेजलेला सदरा होता, मानेवर एक तीळ होता.

"तयार? चला!"

आणि मी सगळं बिघडवलं. यंत्रावर वल्हवणं वेगळं, एकटीने वेगळं. इथे एकच लांब वल्हं, एकाच बाजूला, आणि ते बाकीच्यांबरोबर पडायला हवं. माझं आधी पडायचं, नाहीतर नंतर. होडी डचमळली. वल्हं पाण्यात रुतलं आणि दांडा माझ्या बरगडीवर बसला. एक्स-रे काढावा लागतो की काय असं वाटलं. त्यात आणखी एक. दोन-चार हात मारले की माझी मान आपोआप मागे वळायची, आणि वळली की होडी एका अंगाला कलायची.

"तीन नंबर!" सुकाणूवालीच्या कर्ण्यातून आवाज आला. "मागे का बघताय?"

"पुढे काय आहे ते बघायला नको?" मी ओरडले. एकटं वल्हवणाऱ्याची पाठच प्रवासाच्या दिशेला असते. मी वळून बघितलं नाही तर कोण बघणार? पुलाचा खांब, बुडालेलं झाड, मुलांची होडी. न बघून एकदा डोकं फोडून घेतलेलं होतं.

"नाही बघायचं! मी बघतेय ना!" ती चिमुरडी म्हणाली. मग जरा हळू आवाजात, पण कर्णा चालूच होता, "मी बघतेय, मॅडम. तुम्ही नका बघू."

मला रडू फुटलं. अगदी हुंदका. इतकी साधी गोष्ट, या पोरींना पहिल्या दिवशी मिळाली असणार, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नसेल. माझ्यासाठी कोणीतरी पुढे बघतंय, हे मला या वयात पहिल्यांदा कोणी सांगत होतं. होडीत रडायची सोय चांगली असते. पुढच्या सगळ्या पाठमोऱ्या, मागच्यांना आपली पाठच दिसते. डोळे पुसायला मात्र हात मोकळा नसतो.

मी मान ताठ ठेवली. ते फार जड गेलं. अंधाऱ्या जिन्यात पुढची पायरी आहे असं धरून पाय टाकावा तसं. वेणीवर नजर लावली. वेणी पुढे गेली की मी पुढे, मागे आली की मी मागे. श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. आणि मग कधीतरी, वळणाच्या जरा अलीकडे, आठ वल्ह्यांचा खट् असा एकच आवाज झाला. माझं वल्हं त्यात कुठलं हे मला ऐकू आलं नाही. पुन्हा खट्. होडी पाण्यावर उचलल्यासारखी सुटली. फार वेळ नाही. वळणावर माझी मान पुन्हा वळलीच आणि सगळं विस्कटलं. पण तेवढं झालं.

परत आलो तेव्हा माझ्याने उठवेना. दोघींनी काखेत हात घालून काढलं. कोचने शिडी आणली, मी चढले आणि तिने खाली दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. मी माझी वल्ही उतरवली आणि पाती खाली करून टांगली. खिडकीचं दार आता उघडत नव्हतं. "उकडलं तर उकडू दे," कोच म्हणाली.

सगळ्या भिंतीकडे बघत उभ्या होत्या. तेवढ्यात वेणीवाली म्हणाली, "पण मॅडम, खरंच काही झालं तर आम्हाला कसं कळणार?"

उंच मुलीने तिला कोपर मारलं. पण तिचं चूक नव्हतं. मी उत्तर शोधायला लागले. भाचा कळवेल, असं म्हणणार होते, पण भाच्याला तरी कोण कळवणार? रविवारी मी फोन उचलला नाही तर तो बाजारात गेली असेल असं धरेल. खालच्या बाईंना पहाटेचं कपाट सरकेनासं झालं की बरंच वाटेल. मी शिडीला धरून उभी राहिले आणि मला एकही नाव सुचेना.

"त्यात काय," सुकाणूवाली म्हणाली. ती उरलेली चिकटपट्टी गुंडाळत होती. "रोज सकाळी येत जा. ज्या दिवशी नाही आलात त्या दिवशी आम्ही बघायला येऊ. पत्ता सांगा."

मी पत्ता सांगितला. घरचा पत्ता कोणाला तोंडी सांगून मला इतकी वर्षं झाली होती की मजला सांगताना अडखळले. तिने तो मोठ्याने परत म्हटला, हुकूम सोडावा तसा, आणि बाकीच्यांनीही म्हटला.

"आणि येऊन बघितलं, मला नुसताच ताप असला तर?"

"तर औषध देऊ," ती म्हणाली. "आणि नावावरची पट्टी तशीच ठेवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस लागून राहिला होता. बरगडी ठणकत होती, गुडघा वाकत नव्हता, आणि तापातून उठलेली मुलगी आपल्या जागेवर परत येणार होती. म्हणजे माझं तिथे काहीच काम नव्हतं. पांघरुणातून बाहेर पडायचं अगदी जिवावर आलं. पुढच्या खोलीतल्या यंत्राकडे बघितलं आणि छत्री घेऊन निघाले. न जाऊन चालणार नव्हतं. त्यांनी पट्टी काढली असती.